शंभरात सहा वेळा भालेराव

भालेराव काकांना सकाळी “कसे आहात?” असं विचारलं, की ते उत्तर द्यायला थोडा वेळ घ्यायचे. नव्या माणसाला वाटायचं, तब्येतीचा आढावा घेतायत. प्रत्यक्षात काल आपण काय उत्तर दिलं होतं, हे ते आठवत असायचे. काल “मजेत” म्हटलं असेल तर आज “चाललंय” आणि काल “चाललंय” म्हटलं असेल तर आज “मजेत”. एकदा नाक गळत असताना त्यांनी “मजेत” असं सांगितलं, आणि मुलीला मुलगा झाल्याचे पेढे वाटताना “चाललंय” म्हणाले. कारण विचारलं तर म्हणायचे, “माणसाचा अंदाज कुणाला येता कामा नये, साहेब.” ते बहुतेकांना साहेबच म्हणायचे, माझ्यासारख्या मुलीलाही.

आणि आमच्या शेडमधल्या सातही जणांना त्यांचा अंदाज रोज आधीच आलेला असायचा. हे ठाऊक नसलेला एकच माणूस तिथे होता, तो म्हणजे भालेराव काका.

आमची शेड चिखलीत होती. एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला किचन ट्रॉल्या बनवणारा सुतार. आम्ही इन्व्हर्टर दुरुस्त करतो अशी दोघांचीही पक्की समजूत होती आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी इन्व्हर्टर घेऊन दारात उभा असायचा. आम्ही खरं तर आकडे बनवायचो. कुणालाही आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे. मोबाईलवर ओटीपी येतो तो दुसऱ्या कुणाला आधीच कळला तर काय होईल, एवढं लक्षात घेतलं की अशा आकड्यांची गरज कळते. ते बनवणारी क्वांटमची पेटी आमच्या देवयानी मॅडमनी तयार केली होती. मॅडम फिजिक्सच्या डॉक्टर. चांगली नोकरी सोडून, स्वतःचं होतं नव्हतं ते घालून त्यांनी ही शेड उभी केली होती. प्रोग्रॅम लिहायला इरफान, चाचण्या घ्यायला मी आणि जोडणीला चार पोरं. क्वालिटीला कुणीतरी अनुभवी माणूस हवा म्हणून जाहिरात दिली आणि चाकणच्या एका ब्रेकपार्टच्या कारखान्यातून निवृत्त झालेले उत्तमराव भालेराव येऊन दाखल झाले.

मुलाखतीत मॅडमनी विचारलं, “रँडम म्हणजे काय, सांगता येईल?”

“रँडम म्हणजे काय ते नाही माहीत, मॅडम. रँडम काय नसतं, ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल,” काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून नव्हे, सरळ काळजातूनच काढावी तशी एक हकिगत काढली. कारखान्यात प्रत्येक लॉटमधून मनाला येईल तिथले पाच नग उचलून तपासायचे, असं त्यांचं काम. आपण मनाला येईल तिथले उचलतो असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं. पण यांचा हात कुठे जाणार, हे सगळ्या शॉपला माहीत झालं होतं. चांगला माल तिथे लावायचा आणि वाईट माल दुसरीकडून काढून द्यायचा, असा कारभार सुरू झाला. शेवटी एक अख्खा खराब लॉट काकांच्या सहीनं बाहेर पडला आणि गाड्यांच्या कंपनीतून तसाच परत आला. काकांना वॉर्निंग लेटर मिळालं.

“माझी सवय मला कळायच्या आधी त्यांना कळली. त्या दिवसापासून मी एकही सवय ठेवली नाही,” काका म्हणाले. मॅडमनी त्यांना तिथल्या तिथे कामावर घेतलं.

सवय न ठेवण्याची एवढी जबरदस्त सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. घड्याळ एक दिवस डाव्या हातात, एक दिवस उजव्या. एक दिवस चहा, एक दिवस कॉफी. कासारवाडीहून एक दिवस बसनं येणार, एक दिवस शेअर रिक्षानं, आणि बसचा दिवस असेल तर समोर रिकामी रिक्षा उभी असली तरी घामाघूम होऊन बसचीच वाट बघणार. त्यात दर सातव्या दिवशी ते मुद्दाम कालचंच पुन्हा करायचे. हा त्यांचा हुकमी डाव होता. “सगळ्यांना वाटतं आज कॉफी. मी मागवतो चहा!” असं सांगताना त्यांचे डोळे लकाकायचे. इरफाननं मात्र कॅलेंडरवर दर सातव्या दिवशी पेन्सिलीनं बारीक ‘च’ काढून ठेवलेला असायचा आणि त्या दिवशी काका यायच्या आत टेबलावर चहा तयार असायचा. “अरे, तुला कसं कळलं?” असं काका विचारायचे. “अंदाज, काका,” म्हणून इरफान मान खाली घालायचा. खोटं बोलायला त्याला जड जायचं, पण खरं सांगायला त्याहून जड जायचं.

लताकाकू, म्हणजे काकांच्या मिसेस, एकदा विसरलेला डबा द्यायला शेडवर आल्या होत्या. ठसठशीत बाई, बोलणं मोकळं. मी त्यांना विचारलं, “काकू, घरी यांचं सगळं रोज वेगळं कसं काय जमवता?”

“त्यात काय जमवायचंय? काल जे झालं ते आज नाही. भाजी आणायला सोपं पडतं,” काकू म्हणाल्या. “ज्याचा काही नेम नसतो अशा नवऱ्याला बाया कंटाळतात. आमचं हे म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. फक्त त्याला वाटतं, मी वारा आहे.”

काका तेवढ्यात आतून आले म्हणून बरं, नाहीतर काकू अजून बऱ्याच बोलल्या असत्या.

चाकणच्या बाजारातली गोष्टही सांगायला हवी. एका शनिवारी काही सुटे भाग आणायला इरफान, काका आणि मी चाकणला गेलो होतो. येताना काका म्हणाले, पाच किलो कांदे घेऊ. आता कांदे घ्यायचे म्हणजे वरचे चार चाचपायचे आणि पिशवी पुढे करायची. पण काकांना त्यात दगा दिसला. वरचे कांदे विकणाऱ्यानं निवडून ठेवलेले असणार. म्हणून त्यांनी ठरवलं, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या नंबरातला शेवटचा आकडा बघायचा आणि गोणीत तेवढे कांदे सोडून पुढचा उचलायचा. पहिला ट्रक सातचा, दुसरा दोनचा. सगळं झकास चाललं होतं. मग नेहमीप्रमाणे चाकणचा रस्ता तुंबला आणि समोर नऊ नंबरचा एक ट्रक येऊन उभा राहिला, तो हलेचना. काका गोणीवर हात ठेवून वाट बघत उभे. दहा मिनिटं गेली, वीस मिनिटं गेली.

“ओ पाव्हणं,” विकणारे आजोबा शेवटी म्हणाले, “गोणीत काय इसरलंय का तुमचं?”

“नाही, दादा. पुढचा ट्रक यायची वाट बघतोय.”

“ट्रकचा न् कांद्याचा काय संबंध हाय?”

“काहीच नाही. म्हणून तर!” काका आनंदानं म्हणाले.

आजोबांनी इरफानकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून आमची पिशवी भरली आणि म्हणाले, “आमच्या कांद्यात वर एक न् खाली एक आसलं न्हाई. घ्या आन् व्हा मोकळं.” कांदे सगळे चांगले निघाले. काका त्यावर आठवडाभर नाराज होते, कारण ती तपासणी नियमात बसत नव्हती.

तर असे आमचे काका. आणि मॅडमच्या पेटीचं नशीब एके दिवशी नेमकं त्यांच्याच हातात येऊन पडलं.

पेटीचे दोन भाग होते. ते दोन वेगळ्या खोल्यांत ठेवायचे, एकमेकांशी काही संपर्क होऊ द्यायचा नाही आणि दोघांनाही पुन्हा पुन्हा प्रश्न विचारायचे. दोघांच्या उत्तरांचा मेळ फार चांगला बसला, तर पेटी खरी. हे मला समजायला दोन महिने लागले. काकांनी एका चहात समजून घेतलं. “म्हणजे मापाचं गेज मोडून नाकबूल करणारे दोन ऑपरेटर,” ते म्हणाले. “वेगवेगळं बसवून विचारायचं. आधी ठरवून आले असतील तर कुठल्यातरी प्रश्नावर फाटतंच. तुमच्या पेट्या ठरवून येणाऱ्यांपेक्षा चांगल्या जुळतायत, म्हणजे उत्तरं आधी ठरलेलीच नाहीत. आणि जे ठरलेलंच नाही ते चोराला आधी कळणार कसं?”

फक्त एक अट होती. कोणता प्रश्न विचारला जाणार हे पेटीला आधी माहीत असता कामा नये. प्रश्न निवडायला आम्ही एक चिप लावली होती. आमचा पहिला ग्राहक दिल्लीचा. त्यांनी विचारलं, ती चिप आणि पेटीतले भाग तुम्ही एकाच दुकानदाराकडून घेतलेत, दोघांचं आतून संगनमत नाही कशावरून? मॅडमना ते सिद्ध करून दाखवता येईना. ही ऑर्डर गेली तर शेडला कुलूप लागणार होतं, हे आम्हाला न सांगताही कळत होतं.

“प्रश्न निवडणारा अगदी शुद्ध रँडम असायला हवा असं नाही,” मॅडम फळ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या. “कच्चा चालेल. विरजण कसं, चमचाभर पुरतं, बाकीचं काम दूध करतं. पण तो चमचा तरी हवा. ज्याचा शंभर टक्के अंदाज येतो, त्यातून जगातली कुठलीच पेटी काही बनवू शकत नाही.”

“मी आहे की,” भालेराव काका म्हणाले.

इरफाननं कॅलेंडरकडे बघितलं.

पण काका म्हणाले ते दिल्लीवाल्यांना पटलं. माणूस कुठल्या दुकानातून आणलेला नव्हता. डावं आणि उजवं अशी दोन बटणं, काकांनी मनाला येईल ते दाबायचं, त्यावरून पेटीला प्रश्न जाणार. पेटीला लावण्याआधी शंभर वेळा दाबून दाखवायचं. दिल्लीवाल्यांचा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी आधीच ओळखायचा प्रयत्न करणार. शंभरात निदान पाच वेळा तो चुकला, तर काका पास.

आणखी एक पथ्य होतं. काकांचा आणि पेटीचा काडीचाही संबंध नको. काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की पेटीच्या खोलीवरून जाताना ते व्याह्यांशी भांडण झालेल्या माणसासारखी मान वळवून जायचे. दोनदा समोरच्या कपाटावर आपटले.

सरावासाठी इरफाननं स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहिला. पाच ओळींचा. आधीच्याच्या उलट आणि सातव्या वेळी तेच. काकांनी शंभर वेळा बटणं दाबली आणि प्रोग्रॅमनं शंभरही ओळखली. आम्ही निकाल लपवणार होतो, पण प्रिंटरनं घात केला. कागद बाहेर आला तो थेट काकांच्या हातात.

त्यांनी तो वरून खालपर्यंत वाचला. तपासणीचा माणूस, एक ओळ सोडली नाही.

“म्हणजे मी अजून तोच आहे,” ते म्हणाले. “तीस वर्षं झाली. मला वाटलं, मी बदललो.”

त्या वेळी मला फार वाईट वाटलं. वर्षभर आम्ही त्यांच्या चहा-कॉफीवर हसलो होतो, आणि ते वर्षभर त्या वॉर्निंग लेटरला उत्तर देत होते. इरफाननं कॅलेंडरवरचे सगळे ‘च’ खोडरबरानं पुसून टाकले. काकांसाठी आता तो फक्त पेटीचा प्रश्न राहिला नव्हता. आपण कळसूत्री बाहुली नाही, हे त्यांना एकदा कागदावर हवं होतं.

मग त्यांनी नाना प्रयत्न केले. एक दिवस नुसतं डावंच दाबत राहिले, पण इरफाननं आता प्रोग्रॅम शिकणारा केला होता, तो तिसऱ्या खेपेला शहाणा झाला. ट्रकच्या नंबरांवरून दाबतो म्हणाले. मॅडम म्हणाल्या, रस्त्यावरचे नंबर चोरालाही दिसतात. विहारात तासभर डोळे मिटून बसले, मन रिकामं करून आले, आणि रिकाम्या मनानं डावं-उजवं-डावं-उजवं दाबलं.

परीक्षेच्या दिवशी दिल्लीहून शर्मा नावाचे एक गंभीर गृहस्थ आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून बटणांसमोर बसले. नियमाप्रमाणे प्रत्येक दाबणं आणि त्या वेळी खोलीत कुणी काय बोललं, हे लिहून घ्यायचं काम माझ्याकडे. पडदा काकांना दिसत नव्हता, आम्हाला दिसत होता. दहा दाबली, प्रोग्रॅम एकदाही चुकला नाही. तीस झाली, साठ झाली. काकांच्या कपाळावर घाम आणि मॅडमच्या चेहऱ्यावर रंग नाही.

“काका,” मॅडम एकदम म्हणाल्या, “तुम्ही वेगळं वागायचा प्रयत्न करताय, तोच सगळ्यांना कळतोय. प्रयत्न सोडा. गप्पा मारा.”

शर्माजींनी नियमांचा कागद वाचला. गप्पांना बंदी नव्हती.

“काय बोलू?” काका माझ्याकडे वळले.

“चाकणचं सांगा काहीतरी,” मी म्हटलं.

“चाकणचं...” त्यांनी डावं दाबलं. “साहेब, त्या लॉटची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती.” उजवं. “माझा हात ठरावीक जागी जायचा, एवढंच सांगितलं. कुठं जायचा, ते नाही.” डावं. “पॅकिंगला सहा टेबलं होती. त्यांतल्या कुठल्याही टेबलावरून नग उचलायचे. माझा हात रोज चौथ्या टेबलावर.” उजवं. “तिथं लता बसायची.”

उजवं. पडद्यावर पहिल्यांदा लाल खूण उमटली.

“म्हणजे, आपल्या काकू?” इरफान ओरडला.

“मी म्हणायचो, रँडम चेकिंग आहे. ती म्हणायची, साहेब, आज पण रँडम इथंच का?” पुन्हा उजवं, पुन्हा लाल. “सगळ्या शॉपला माहीत होतं. खराब माल पाचव्या-सहाव्या टेबलावरून बिनधास्त जात होता आणि मी इकडं एका बाईच्या खोक्यातला एकच नग पंधरा मिनिटं मोजतोय. मायक्रोमीटर उलटा धरून!”

शर्माजींना मराठी येत नव्हतं. पण मॅडम तोंडावर हात धरून हसत होत्या आणि इरफान खाली बसला होता, म्हणून तेही कावरेबावरे होऊन हसू लागले. काका बोलतच राहिले. वॉर्निंग लेटर मिळालं त्या दिवशी लता त्यांच्यासाठी कँटीनमधून वडा घेऊन आली आणि म्हणाली, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं, आता मलाच भरून द्यावं लागेल. हे सांगताना त्यांनी डावं बटण सलग तीनदा दाबलं आणि त्यांना ते कळलंही नाही.

शंभर पूर्ण झाले. प्रोग्रॅम सहा वेळा चुकला होता. काका पास झाले. तेवढ्या चमचाभर विरजणावर पेटी लागली आणि तिच्या दोन्ही भागांची उत्तरं अशी जुळली, की शर्माजींनी तिथेच सही केली. मॅडम रडल्या. सुतारानं पलीकडून विचारलं, इन्व्हर्टर झाला का दुरुस्त?

काकांनी तो कागद मागून घेतला आणि सहा लाल खुणांवरून बोट फिरवलं. “ह्या सहा ठिकाणी मी होतो, साहेब,” ते म्हणाले. “बाकी चौऱ्याण्णव ठिकाणी ते वॉर्निंग लेटर होतं.”

पहिली पेटी रवाना झाली की थांबायचं, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. त्याप्रमाणे ते थांबले. महिन्याभरानं त्या कागदाची प्रत द्यायला मी कासारवाडीला त्यांच्या घरी गेले. काकू खाली बसून मेथी निवडत होत्या. काकांनी प्रत अभिमानानं त्यांच्यासमोर धरली. “बघ. दिल्लीचा कॉम्प्युटर चुकला माझ्यापुढं. सहा वेळा.”

काकूंनी हात पुसले, चष्मा लावला. कागदावर एका बाजूला मी लिहिलेलं बोलणं होतं आणि दुसऱ्या बाजूला डावं-उजवं. काकूंनी डावं-उजवं सबंध तळहातानं झाकलं आणि फक्त बोलणं वाचायला घेतलं.

“हे सहा टेबलांचं आहे, इथं नाही. इथं शहाण्यासारखं उलटंच दाबलंय,” त्या म्हणाल्या. बोट पुढे सरकलं. “‘तिथं लता बसायची.’ इथं हात अडकला. परत तेच.” तळहात जरा सरकवला. लाल खूण. “‘आज पण रँडम इथंच का.’ इथं पण.” लाल खूण. “मायक्रोमीटर? नाही, तिथं तुम्ही शुद्धीवर होता.” खरंच होते. मग वडा आला आणि काकू न हसता म्हणाल्या, “इथून पुढं भरवसा नाही.” काकूंनी सहाच्या सहा खुणा ओळखल्या. एकही चुकली नाही.

म्हणजे काकूंना काकांचा शंभर टक्के अंदाज येत होता. जगातल्या कुणालाही अंदाज येणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर काकांच्या सहीखाली माझीही सही होती आणि पेटी दिल्लीला जाऊन पोचली होती. मी काकांकडे बघितलं. ज्या गोष्टीला ते जन्मभर भ्याले ती त्यांच्यासमोर मेथीच्या काड्या वेचत बसली होती, आणि इतकं खूष मी त्यांना कधीही बघितलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काकू चहा टाकायला आत गेल्या तेव्हा ते माझ्याजवळ सरकले.

“मॅडमना सांगू नका, साहेब,” ते हळूच म्हणाले. “पेटी एकदम ओके आहे. कच्चा माल तेवढा तीस वर्षांपासून हिच्याकडं आहे.”